भावाकडून घेतलेला लॅपटॉप

लोसालिनेला पहिलीच्या वर्गावर एकोणीस वर्षं झाली, तेव्हा खात्याचं पत्र आलं. वर्षअखेरपर्यंत विद्यापीठाचं प्रमाणपत्र हाती नसेल, तर पुढच्या वर्षापासून शिक्षिका म्हणून नाव राहणार नाही. मदतनीस म्हणून राहता येईल, पगार निम्मा. हेडमास्तरांनी ते पत्र तिला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "तुम्हाला काय अवघड आहे, लोसालिने? घरबसल्या करायचं आहे."

घरबसल्या म्हणजे लॅपटॉपवर. आठ निबंध टाइप करून पाठवायचे. शाळेत एकच संगणक, तोही हेडमास्तरांच्या खोलीत, आणि त्याच्यावर त्यांच्या बायकोनं क्रोशाचं झाकण घालून ठेवलेलं. माझ्याकडे एक जुना होता, पण तो माझ्या दिरानं मागून नेला. आमच्याकडे मागून नेलेली वस्तू परत येत नाही आणि ती परत मागायचीही नसते.

मी दुसरीच्या वर्गावर. आमच्या दोघींच्या वर्गांत अर्धीच भिंत, त्यामुळे तिचं सगळं मला ऐकू येई. ती कधी ओरडायची नाही. पोरं दंगा करायला लागली की नुसती गप्प बसायची, आणि पोरंही हळूहळू गप्प व्हायची. पहिले तीन निबंध तिनं राजधानीला, नुकुआलोफाला जाऊन, दुसऱ्याच्या संगणकावर तासाला पैसे मोजून टाइप केले. आधी घरी हातानं लिहायची, मग तिथं दोन बोटांनी एकेक अक्षर शोधायची. एका निबंधाला तीन शनिवार गेले. परतीची बस पाचला सुटायची. एकदा ती चुकली, तर बाई नऊ मैल चालत आली.

"असं नाही जमायचं," मी म्हटलं. "स्वतःचा घे. जुना घे."

"घेईन. कियेकिये विकले जाऊ देत."

कियेकिये आम्ही शाळेत जाताना कमरेला बांधतो. ऑकलंडला राहणाऱ्या आमच्या बायकांना ते इथूनच विणून हवे असतात. लोसालिनेनं पाच महिन्यांत चार विणले. केवड्याच्या पातींच्या दोऱ्या वळून वळून तिच्या अंगठ्याची कातडी फुटली, आणि ती खडू चिंधीत धरून फळ्यावर लिहू लागली. चारशे वीस पाआंगा जमले. चिनी दुकानात जुना लॅपटॉप सहाशेला होता. तीन महिन्यांची हमी, आणि दुकानदार स्वतः समोर चालू करून दाखवायचा. फेआ बाजारात चारशेला मिळतो असं कुणीतरी सांगितलं. म्हणून ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही दोघी फेआला गेलो.

फेआमध्ये परदेशातल्या नातेवाइकांनी पिंपं भरभरून पाठवलेलं सामान विकायला मांडतात. जुने कोट, पातेली, लहान मुलांच्या सायकली, कुणाचे तरी क्रिकेटचे पॅड. लॅपटॉप म्हटल्यावर ज्यानं त्यानं एकाच दिशेला हात केला, आणि त्या दिशेला जाऊन बघते तर स्टुलावर मनासे बसलेला.

मनासे लोसालिनेच्या धाकट्या काकाचा मुलगा. आमच्या हिशेबात चुलत वगैरे काही नसतं, भाऊ तो भाऊ. त्यातून मनासेला सख्खी बहीण नाही, म्हणजे त्याच्या घरची मानाची बहीण हीच. बहिणीचा दर्जा भावाच्या वर. ती आली की त्यानं उठून उभं राहायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं नाही, तिच्यासमोर चावट काही बोलायचं नाही, आणि तिनं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. तिनंही त्याला खाली पाहायला लागेल असं काही करायचं नसतं.

मनासे स्टुलावरून उठला तो घाईत स्टूलच पडलं.

"फुसी," तो मला म्हणाला, बहिणीकडे न बघता, "ताईला विचार, काय पाहिजे."

ताई माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी म्हटलं, "लॅपटॉप पाहिजे. शाळेच्या कामाला."

त्यानं खोक्यातले सात-आठ उलटेपालटे करून त्यातला एक काढला. काळा, कोपऱ्यावर जरा घासलेला. त्याच्या बायकोनं, लाविनियानं, लगेच सांगितलं, "चारशे. माझ्या भावानं धाडलेत. आमचं काही नाही त्यात." हे ती नवऱ्याला ऐकवत होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बहिणीनं नुसतं 'दे' म्हटलं असतं, तर मनासेला तो फुकट द्यावा लागला असता आणि मग घरी महिनाभर बायकोच्या भावाचं नाव ऐकावं लागलं असतं. लोसालिनेलाही ते ठाऊक होतं. तिनं मुकाट्यानं पैसे माझ्या हातात दिले.

मी म्हटलं, "चालू करून बघू या की. तिकडे वायर आहे, त्या बाईनं पंखा लावलाय."

लोसालिनेनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर खूण राहिली.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"तो माझा भाऊ आहे."

"म्हणून वीज लागत नाही का त्याच्या लॅपटॉपला?"

"त्यानं हातानं काढून दिलेली वस्तू मी त्याच्यासमोर तपासू? कुजका मासा आहे का बघतात तशी? फुसी, पैसे दे आणि चल."

मी पैसे लाविनियाला दिले. मनासेनं कुणाच्या तरी मालातला नवा कोरा टॉवेल ओढला, लॅपटॉप त्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "ताईला सांग, परमेश्वर तिच्या कामाला यश देवो." लोसालिनेनं मान हलवली. तिला मनातून फार बरं वाटलं होतं. बसमध्ये तिनं तो मांडीवर असा धरला होता जसा कुणी नातू बाप्तिस्म्याला नेतं.

घरी आल्यावर तिनं तो टेबलावर ठेवला, वायर लावली, बटण दाबलं. पडदा उजळला. निळ्या पडद्यावर ऑकलंडकडच्या कुठल्या तरी शाळेचं चिन्ह आलं, आणि खाली लिहिलेलं: हा संगणक शाळेच्या मालकीचा आहे, सापडल्यास कळवा. त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट.

तिचा नवरा केलेपी दारातून म्हणाला, "घाल काहीतरी. शाळेचं नाव घाल."

तिनं शाळेचं नाव घातलं. मग शाळेच्या नावापुढे एक-दोन-तीन घातलं. मग केलेपीनं स्वतःचं नाव घालायला सांगितलं, का कोण जाणे. दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्याकडे रविवारी भट्टीतलं जेवण आणि देऊळ सोडून काही करत नाहीत, त्यामुळे तो दिवसभर टेबलावर मिटून पडला होता, आणि ती दिवसभर त्याच्या बाजूला न बघता वावरत होती.

आठवडाभर आणखी नावं घालून झाली, आणि पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दुरुस्तीवाल्या सेमीसीकडे गेलो. त्यानं नुसतं झाकण उघडलं आणि मिटलं.

"मनासेकडचा ना?"

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"हा सहावा. शाळेनं मुलांना दिलेले असतात हे. कुलूप आतून आहे, तिकडून काढल्याशिवाय निघत नाही. मी आतला बोर्ड बदलायचा म्हटलं तर नव्याची किंमत होईल." त्यानं तो आमच्याकडे सरकवला. "पण त्यात काय, परत करा. बाकीच्या पाचांनी परवा शनिवारी केले. एकीनं तर भर बाजारात मनासेच्या आईचा उद्धार केला. दिले त्यानं पैसे, सगळ्यांना दिले. बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "झालं तर मग. शनिवारी जाऊ. तू येऊ नकोस, मी जाते. लाविनियाला देते आणि पैसे घेऊन येते."

"आणि काय सांगशील?"

"काय सांगायचं, बिघडलेला आहे म्हणून सांगेन."

"म्हणजे मनासेनं बहिणीला बिघडलेली वस्तू विकली." ती चालता चालता थांबली. "बाजारात म्हणतील ते. देवळात म्हणतील. त्या पाच जणी कुणाच्या कोण होत्या. त्यांनी शिव्या दिल्या, त्यानं पैसे दिले, मिटलं. माझं तसं मिटतं का?"

"त्याला माहीत आहे लोसालिने. पाच परत आलेत म्हटल्यावर तुझाही तसलाच असणार हे त्याला कळत नसेल?"

"कळत असेल तर तो येईल."

तो आला नाही. त्यालाही येता येईना. यायचं म्हणजे बहिणीसमोर उभं राहून कबूल करायचं की मी तुला खराब माल दिला. त्यापेक्षा माणूस रस्ता बदलतो. मनासेनं देवळातली जागा बदलली. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचा तो मागे दाराजवळ बसायला लागला.

लोसालिने पुन्हा शनिवारी पाचची बस धरू लागली. सप्टेंबरात एक निबंध गेला. चार राहिले, आणि शेवटची तारीख पंधरा नोव्हेंबर. वर्गात ती पहिल्यासारखीच गप्प बसायची, पण आता पोरं दंगा करत नसली तरी गप्प असायची.

मग ऑक्टोबरात मनासेच्या मुलीचा, सेलुवायाचा, एकविसावा वाढदिवस आला.

सेलुवाया नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हुशार, बापासारखी मान खाली घालून चालणारी. एकविसावा म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या खालोखाल. गावजेवण, मांडव, डुकरं, आणि मधोमध मानाची आत्या. त्या दिवशी आत्यापुढे राजाही दुय्यम. लोसालिनेला निरोप आला तेव्हा ती म्हणाली, "नाही गेले तर?" पण तसं होत नसतं हे तिलाही माहीत होतं. आत्या आली नाही तर त्या पोरीचा वाढदिवस झालाच नाही.

मांडवात तिला सगळ्यांत उंच जागी बसवलं. मनासेच्या माणसांनी तिच्यापुढे झाडाच्या सालीच्या कापडाचा पन्नास फुटी ताव अंथरला. त्यावर चटया आणल्या. रीत पाच चटयांची, मनासेनं नऊ आणवल्या. मग पलंगपोसांचे गठ्ठे, भाजलेलं आख्खं डुक्कर आणि तीन मजली केकचा वरचा मजला. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई बाई, काय हा मान. भाऊ असावा तर असा."

लोसालिनेचा चेहरा मी बघत होते. नऊ चटया. त्यांतली एकही विकता येत नाही. मानाची चटई विकली म्हणजे मान विकला. ती ठेवायची आणि पुढच्या मयताला दुसऱ्या कुणाला द्यायची. चारशे पाआंगा हातात द्यायला मनासेला जमलं नव्हतं, आणि त्याच्या पाचपट तो तिच्यापुढे मांडून मांडवाच्या खांबाआड उभा होता.

मग सेलुवाया नाचायला उठली. अंगाला तेल लावलेलं, हात पाण्यासारखे हलणारे. नातेवाईक पुढे होऊन तिच्या चकाकणाऱ्या खांद्यांवर नोटा चिकटवू लागले. गाणं बाजूच्या टेबलावरून वाजत होतं. टेबलावर दोन मोठे स्पीकर आणि मध्ये एक लॅपटॉप, झाकणावर नर्सिंग शाळेचा लहानसा स्टिकर.

लोसालिनेनं त्याच्याकडे बघितलं आणि ती बघतच राहिली. नाचाकडे तिचं लक्षच नव्हतं. मला एकदम कळलं ती काय करणार ते. मी उठेपर्यंत नाच संपला, लोक टाळ्या वाजवत होते, पुढचं गाणं सुरू झालं, आणि लोसालिने आपल्या उंच जागेवरून उतरली.

ती टेबलापाशी गेली. तिनं स्पीकरची वायर ओढून काढली. गाणं थांबलं. दोनशे माणसं गप्प झाली. तिनं लॅपटॉप मिटला आणि काखेत धरला.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मनासेच्या बाजूचा बोलका म्हातारा, ज्याचं कामच समारंभात बोलायचं, तो हात वर करून म्हणाला, "घेतलं. आत्यानं हातानं उचललं. धन्य हे घर, ज्यातली वस्तू आत्याला आवडली." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी खुशीनं आरोळ्या दिल्या. आत्यानं भाच्यांच्या घरातलं काहीही उचलावं हा तिचा हक्कच. कुणी डुक्कर उचलतं, कुणी खाट. एकीनं एकदा खिडकीचा पडदा नेला होता. लोक अजून हसतात त्यावर.

मनासे हसला नाही. लाविनियानं तोंड उघडलं होतं. नवऱ्यानं तिच्या दंडाला धरलं. आणि सेलुवाया, खांद्यावर नोटा तशाच चिकटलेल्या, पुढे आली, खाली बसली, मान लववून म्हणाली, "आभारी आहे, आत्या." टेबलाखाली चार्जर पडला होता. तो तिनं गुंडाळून लोसालिनेच्या पायाशी ठेवला.

परत येताना लोसालिने म्हणाली, "आता फिटलं."

मी विचारलं, "कुणाचं?"

तिनं लॅपटॉप दुसऱ्या काखेत घेतला आणि पाय उचलला.

या लॅपटॉपलाही पासवर्ड होता. दोन दिवस तो तसाच पडून राहिला, कारण आत्यानं भाचीकडे जाऊन विचारायचं कसं. तिसऱ्या दिवशी सेलुवाया स्वतःच आली. मी तिथंच होते. पोरगी दारातच खाली बसली, आत्याच्या खुर्चीपेक्षा उंच बसायचं नाही म्हणून. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला, पासवर्ड घातला, आणि तो कायमचा काढूनच टाकला. "आता तुम्हाला काही विचारणार नाही तो."

"तुझं काम आहे ना यात?" लोसालिनेनं विचारलं. इतकं तरी विचारलं.

"आहे थोडं. एक अहवाल आहे, महिनाअखेरीला द्यायचा. तो मी यात घेऊन जाते." तिच्या मुठीत एक पेनड्राइव्ह होता. "मैत्रिणीच्यावर लिहीन."

"संध्याकाळी इथं येऊन लिहीत जा."

"हो, आत्या."

उठताना तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथं लोसालिनेनं केवड्याच्या पाती सरळ राहाव्यात म्हणून दडपून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यावर वजन म्हणून काळा, कोपऱ्यावर घासलेला लॅपटॉप होता. पोरीनं तो ओळखला. तिच्या घरच्याच खोक्यातला.

"हा बाबांकडचा?"

"दडपायला बरा आहे," लोसालिने म्हणाली.

उठता उठता सेलुवाया पुन्हा खाली बसली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "आत्या, तेव्हा चालू करून नव्हता का बघितला?"

"भावाच्या दुकानात?"

पोरीनं पेनड्राइव्ह मुठीत घेतला आणि ती गेली.

ती चार वेळा आली. जमिनीवर बसून, लॅपटॉप खाटेच्या कडेला ठेवून लिहायची. केलेपी घरात आला की उठायची. लोसालिनेलाही संध्याकाळचाच वेळ मिळायचा, तिचे चार निबंध राहिले होते. पाचव्या दिवशी पोरगी आली तेव्हा लोसालिने दोन बोटांनी टाइप करत होती. सेलुवाया दारात बसून राहिली. एक तास. लोसालिनेनं वर बघितलं नाही. खरंच लक्ष नव्हतं की बघायचं नव्हतं, ते मी आजवर विचारलेलं नाही. मग पोरगी गेली आणि पुन्हा आली नाही.

लोसालिनेचे निबंध तारखेच्या दोन दिवस आधी गेले. प्रमाणपत्र आलं. हेडमास्तरांनी तेही सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ती पहिलीच्या वर्गावर राहिली, पूर्ण पगारावर.

सेलुवायाचा अहवाल उशिरा गेला. तेवढ्यावरून कुणी काढलं नसतं. पुन्हा सहा महिने बसावं लागणार होतं आणि पुन्हा फी भरावी लागणार होती. त्याच सुमारास फेआवरून मनासेचा आणि लाविनियाच्या भावाचा वाद झाला आणि पिंपं येणं थांबलं, म्हणजे फीचे पैसेही. जानेवारीत पोरगी क्वीन्सलंडला गेली, टोमॅटोच्या शेतावर. नऊ महिन्यांसाठी म्हणून गेली. सोडायला सगळे विमानतळावर गेले होते. लोसालिने मधोमध उभी होती, आत्या म्हणून, आणि पोरीनं सगळ्यांत आधी तिचाच निरोप घेतला.

नऊ महिने झाले, पोरगी आली नाही. काम वाढवून घेतलंय म्हणाली.

नाताळच्या आधी क्वीन्सलंडहून लोसालिनेच्या नावानं एक पिंप आलं. केलेपीनं कोयत्यानं झाकण उघडलं. मी नेमकी तिथं गेले होते, की मुद्दाम, कोण जाणे. वर दोन ब्लँकेटं, मग डबाबंद मांस, तेलाचे कॅन, केलेपीसाठी बूट. अगदी तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक लॅपटॉप. जुनाच, पण चांगला. टॉवेल नवा कोरा. त्यात खोचलेली एक चिठ्ठी, नर्सिंगवाल्या पोरींचं असतं तसल्या स्वच्छ, सुट्या अक्षरातली.

लोसालिनेचा चष्मा सापडेना. तिनं चिठ्ठी माझ्याकडे दिली.

मी वाचली. "आत्यांना, मानपूर्वक. चालू करून बघितला आहे."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

लोसालिनेनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि चष्म्याशिवायच बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. केलेपी बूट घालून अंगणात फिरून बघत होता.

"बोलायला शिकली," ती म्हणाली.

मग तिनं तो लॅपटॉप टॉवेलासकट उचलला, कोपऱ्यात नेला, आणि दडपून ठेवलेल्या पातींवर, त्या काळ्याच्या शेजारी ठेवून दिला.